डोहाळजेवणाची साडी

भागाबाई : "भागा, तुनं पोट दिखाले लागनं. उद्यापासून येऊ नको." जिनिंगना त्या गलकामा बी मुकादमना शबद माले बराबर ऐकू उनात. केसमा कापूस बठेल, तशीच घर गऊ.

(धुळ्यातलं साड्यांचं दुकान. सामसूम दुपार. बाहेरच्या पायरीवर मेघा आणि तिची सासू भागाबाई. सासूच्या मांडीवर हिरव्या साडीची पिशवी.)

मेघा : मग? तुम्ही काय म्हणालात त्याला?

भागाबाई : राहू दे ते. पानी पी.

मेघा : आत्या, एवढं सोसलेलं माणूस! अन् माझ्याच दुकानात येऊन "मनी सूनना डोहाळजेवनले साडी दखाडा" कशाला म्हणायचं?

भागाबाई : माले वाटनं, सून आठे कामाले शे, भाव कमी करतीन.

मेघा : केला?

भागाबाई : केला! वर ब्लाउजपीस बी दिधा.

मेघा : आणि दुसऱ्या दिवशी मला घरी बसवलं. इतके दिवस ओढणीनं झाकून ठेवलं होतं मी.

भागाबाई : ऊठ. साडी परत करू. जठे तुले जागा नही, तठली साडी बी नको.

(दोघी आत जातात. गल्ल्यावर मालक तोतारामशेठ, शिडीजवळ नोकर वना.)

तोतारामशेठ : या या, अक्का! पसंत नाही पडली का?

भागाबाई : परत ल्या, शेठ.

तोतारामशेठ : पाटी बघा ना अक्का. विकलेला माल परत घेत नाही.

भागाबाई : माल परत लेत नही, अन् मानूस परत धाडतस!

तोतारामशेठ : अहो, काढलं कुठं? काळजीपोटी म्हणालो, आराम करा. बाळंतपणानंतर जागा असली तर बघू.

मेघा : "असली तर" म्हणजेच काढलं, शेठ. गरोदर आहे म्हणून कामावरून काढता येत नाही, कायदा आहे. सव्वीस आठवडे पगारी रजाही आहे.

तोतारामशेठ : कायदा राहू द्या. शिडीवर चढून गठ्ठे कोण काढणार? आणि साडी अंगावर टाकून दाखवायची असते, मेघाताई. गिऱ्हाईक काय बघणार?

मेघा : गठ्ठे वनाभाऊ काढतील. मी गादीवर बसून दाखवीन. काचेत डोहाळजेवणाची साडी लावलीय, ती बाहुलीच्या सपाट पोटावर! बायका रोज विचारतात, पोटावर निऱ्या नीट बसतील का? माझ्या अंगावर बघू द्या त्यांना.

तोतारामशेठ : बोलण्यात हार जाणार नाही तुम्ही. पण मला सांगितलंसुद्धा नाही? घरच्यासारखं वागवलं, आणि कळलं ते अक्कांकडून.

मेघा : माझ्याआधी इथं कामाला होती त्या दिपमालानं, दिवस गेल्यावर, सांगितलं होतं. तिला तुम्ही त्याच आठवड्यात घरी बसवलं.

भागाबाई : आते सांग, माय. तोंडवर सांग.

मेघा : सांगते. मला पाचवा महिना आहे, शेठ. मला काम करायचंय. उद्या येणार, रजा लागली की मागणार, आणि बाळ झाल्यावर इथंच परत येणार. नाही म्हणायचं असेल तर लिहून द्या. पुढचं कामगार कार्यालय बघेल.

तोतारामशेठ : वना! उद्यापासून शिडी तुझ्याकडे. आणि ताईंच्या पाठीला एक लोड टाक. साडी राहू द्यायची ना, अक्का?

भागाबाई : राहू द्या. तीच नेसाडसू तिले.

मेघा : चला आत्या, रिक्षा बघू. आता तरी सांगा, मुकादमाला काय म्हणालात?

भागाबाई : काहीच नही. तू आते बोलनी ना, तेच व्हतं तोंडमा. तुना नवरा योगेंद्र मना पोटमा व्हता, तवपासून धरी ठेयेल.