तेल सांडलेली फरशी

तुम्ही हसाल, पण माझा दादा शिमल्याला गोऱ्या साहेबांच्या संघात पगार घेऊन बर्फावरची हॉकी खेळायचा. सुट्टीत तो खामगावला आला, तर तेलगिरणीतले रहीमचाचा म्हणाले, "बर्फावर माणूस उभा राह्यते काय बे? थापा नको मारू."

दादाचा चेहरा उतरला. मला राग आला. मी तेलाचा डबाच गिरणीच्या फरशीवर ओतला. "घ्या, आता खेळा!"

चाचा पहिल्याच पावलाला आडवे झाले. दादा मात्र काठी घेऊन, हसत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत घसरत गेला.

गेल्या महिन्यात दादा तापाने वारला. मसणवाटेच्या चिखलात आम्ही चौघे खांदेकरी घसरून गुडघ्यांवर आलो, पण तिरडी सावरली. रडता रडता चाचा म्हणाले, "पाह्य बे, आजही तोच नाही पडला."