उशीच्या मापाने

नाही हो, बिघडलेली नाहीये ती, नीट बघा, नवी कोरी आहे — मला फक्त कापून हवीये. हो, कापूनच! तुम्ही वाद्यं दुरुस्त करता ना? पाटीवर तर तसंच लिहिलंय. मग एक दांडी कापायला एवढं काय त्यात... काय? हो हो, माहितीये मला, वरचं टोक वाद्याला अडकवायचं, खालचं खुर्चीवर टेकवायचं, म्हणजे भार सगळा खुर्चीवर आणि वाजवणारा मोकळा. पाठ झालंय मला ते! महिनाभर घरात दुसरा विषय नाही. 'अगं, आत स्प्रिंग आहे, अगं, मान अशी सरळ राहते' — आमची मुलगी झाली तेव्हासुद्धा ह्यांनी तिचं एवढं वर्णन केलं नव्हतं.

आमचे हे बँडमध्ये युफोनियम वाजवतात. तुम्हाला माहीत असणार म्हणा, बाकी लोकांना मी सांगते, ते फुंकायचं मोठं पितळी ट्यूबा असतं ना, त्याचं धाकटं भावंड — धाकटं म्हणजे वजनाला नाही हां, उचलून कपाटावर ठेवायचं तर दोघं लागतो आम्ही. म्हणजे हे उचलतात, मी 'सांभाळा' म्हणते. तर ते मांडीवर घ्यायचं आणि वाजवायचं. आता नुसतं मांडीवर घेतलं तर तोंडापर्यंत येत नाही, मग मी उशी शिवली. ही बघा. मुद्दाम आणलीये. अकरा वर्षं झाली, तीन वेळा खोळ बदलली, आतला कापूस दर वर्षी नव्याने भरते, दाबून दाबून. बँडमध्ये सगळे विचारायचे, कुठून घेतली, कुठून घेतली. आणि हे म्हणायचे, 'घरची आहे.' एवढंच. पण ज्या तोऱ्यात म्हणायचे ना...

आणि मग ती आली. ट्रॉम्बोनवाली. बॉबकट, पायात पुरुषी बूट, आणि तिच्या स्वतःच्या ट्रॉम्बोनला अशीच एक दांडी. आठवडा झाला नाही येऊन, आठवडा! — आणि ह्यांच्यासाठी दांडी मागवलीसुद्धा. कुणी सांगितलं होतं? मी म्हटलं, परत करा. तर म्हणतात, 'अगं, हात मोकळा झाला माझा.' हात मोकळा झाला! म्हणजे इतकी वर्षं मी काय बेड्या घातल्या होत्या? मी जळते, असं आमची मुलगी म्हणते. जळते ना! का नको जळू? गेल्या बुधवारी तालमीच्या हॉलमागे खिडकीपाशी उभी राहिले मी, या वयात, टाचा वर करून — तर ती ह्यांच्या खांद्याला हात लावून सांगतेय, असं बसा, तसं बसा, आणि हे बसतायत! मी सांगितलेलं एक ऐकतील तर शपथ. आणि माझी उशी कुठे? खिडकीत. तिच्यावर कुणीतरी चहाचा कप ठेवला होता.

नाही, ऐका तर, खरी गोष्ट ती नाहीच. खरी गोष्ट — आता तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही परके — पण गेली दोन वर्षं हे सकाळी शर्टाची बटणं माझ्याकडून लावून घ्यायचे. न बोलता समोर येऊन उभे राहायचे, लहान मुलासारखे. मी हातातला चमचा ठेवून लावायची, वरचं, मग त्याखालचं. लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर असं कुणी लाडात येतं का हो? माझ्या बहिणीला सांगितलं तर ती म्हणाली, नशीबवान आहेस. आणि ही दांडी आली, तिसऱ्या की चौथ्या दिवशी बघते तर हे स्वतःच बटणं लावून, शीळ घालत दाराबाहेर! मी चमचा घेऊन तशीच उभी.

म्हणून कापायची. वर-खाली होते ती, माहितीये, किल्ली असते तिला. ती किल्ली मी डाळीच्या डब्यात टाकली होती. दुसऱ्या दिवशी त्या ट्रॉम्बोनवालीने दुसरी दिली! म्हणून म्हणते, कापूनच टाका, माझ्या उशीएवढी. बरोबर उशीच्या मापाने. मग म्हणतील, यापेक्षा उशी बरी. लवकर करा, हे दाताच्या डॉक्टरकडे गेलेत, तासाभरात येतील.

असं काय बघताय उशीकडे? कमी पडते? काहीतरीच काय! माप घेऊन शिवलीये, ह्यांना समोर बसवून, टेपने... कशावर बसवून? पलंगावर. मग कशावर बसवणार, आमच्या दोन खोल्यांत? हो, गादीवर. गादीत माणूस खाली जातो, मांड्या वर येतात, ते कळतं हो मला, पण जाऊन जाऊन किती... चार बोटं? लाकडी खुर्चीवर चार बोटं कमी? मग ते बोलले नसते? आणा इकडे ते तुमच्याकडे दुरुस्तीला आलेलं युफोनियम, मीच बसून दाखवते. हसू नका. बसले. ठेवा. उशी अशी — आता तोंडापर्यंत — हां, थोडं उचलावं लागतंय, पण थोडंच. डाव्या हाताने. यात काय एवढं? मी दोन-दोन बादल्या पाणी वर चढवलंय जिन्याने, हे काय... तर मी काय सांगत होते, ती ट्रॉम्बोनवाली — तिला नवरा नाही म्हणे, म्हणजे आहे पण इथे नाही — मला तिच्याशी काही देणंघेणं नाही, पण दुसऱ्याच्या नवऱ्याच्या — अहो, हे जड होतंय. होतंय म्हणजे — खांद्यातून कळ येतेय. आणि ही दोन बोटं... थांबा, घ्या, घ्या हे आधी! घ्या म्हणते ना!

किती वेळ झाला? पाच मिनिटंसुद्धा नाही?

ते तीन तास बसतात. आठवड्यातून चारदा. ही करंगळी बघा, वळतच नाहीये माझी. म्हणजे ती बटणं... लाडबीड काही नव्हतं तर. लावताच येत नव्हती त्यांना. आणि मी रोज सकाळी मान वर करून हसतेय त्यांच्याकडे बघून, आणि तेही हसतायत.

बोलायचं नाही का माणसाने? अकरा वर्षं चकार शब्द नाही! मी मनाला लावून घेईन म्हणून. आणि घेतलंच असतं, मी काय स्वतःला ओळखत नाही? तिने नुसतं विचारलं असेल, हात दुखतो का. एवढंच. मी नाही हो विचारलं कधी.

नाही, कापायची नाही. ठेवा ती करवत. द्या दांडी इकडे, ते यायच्या आत जागच्या जागी ठेवते. उशी? असू दे तुमच्याकडे, कापूस चांगला आहे — नको, नको, द्या, घेऊन जाते. आणि हे बघा, ती ट्रॉम्बोनवाली तुमच्याकडेच येते ना दुरुस्तीला? तिला यातलं एक अक्षर सांगायचं नाही. मी इथे आलेच नव्हते. आता असे बघत काय बसलात? तुमचं काम करा तुम्ही.