पहिला चीक

टोकावड्याच्या दवाखान्यात सरिता सातव्या महिन्याच्या तपासणीसाठी बाकावर बसली होती. समोर एक म्हातारी नर्सबाईंशी बोलत होती. तिच्या सुनेला सकाळीच मुलगी झाली होती.

“सावळीमावशी, बाटलीत काय आणलंत?”

“गुळाचं पाणी. तीन दिस तेच पाजतात आमच्यात. आईचा पयला पिवळा चीक पिळून टाकतात.”

“टाकू नका. त्या चिकानं बाळाच्या आतड्याला आतून लेप बसतो. मग जुलाबाचे विषाणू सहजी चिकटत नाहीत.”

“खरं सांगता?”

“खरंच.”

“माझ्या भगीरथाला मी नाय पाजला. सासूनं राखेत पिळायला लावला. महिन्याचा व्हता, जुलाबानं गेला.”

“तेवढ्यानंच गेला, असं नाही म्हणता येत, मावशी.”

“म्हशीच्या पारडाला मातर पयला चीक पाजायचोच आमी. नायतर पारडू जगत नाय, हे सासूला ठावं व्हतं. मलाबी व्हतं.”

नर्सबाईंनी तिच्या हातातली बाटली घेऊन बाजूला ठेवली.

“बाई, सुनेला तुमीच सांगा. मी सांगितलं, तर ती विचारील, तुमाला कसं ठावं.”