झेंडूचा हार आणि टेबलफॅन

या मंडळी, बसा. पुढं सरका, मागच्यांना जागा द्या. पेटीवाले, आज पट्टी उतरवा बाबा! काळी दोन नको, पांढरी एक द्या. आठ दिवसांतलं हे सातवं कीर्तन — घसा पार बसलाय. देव समजून घेईल. तुम्हीही घ्या.

आज एकच प्रश्न विचारतो. एखादं चालतंय — कुरकुर नाही, तक्रार नाही, गुमान चालतंय — म्हणून ते किती चालवायचं? थांबायचं कधी, हे ठरवायचं कुणी? चालवणाऱ्यानं, की चालणाऱ्यानं? हं? बघा, माना खाली गेल्या!

ऐका तर. कुर्डुवाडीला विश्वंभर लोहोकरे नावाचा एक माणूस. धंदा काय? घर बांधायच्या आधी ते कसं दिसेल, याची हुबेहूब फिल्म कॉम्प्युटरवर करून द्यायची. एक वीट रचलेली नाही, आणि तुम्ही आपले तुमच्या हॉलमधून हिंडताय! तर शेजारच्या गावच्या देवस्थान कमिटीनं त्याला काम दिलं. नवा सभामंडप कसा होणार, ते दसऱ्याला संध्याकाळी पाच वाजता सगळ्या गावाला पडद्यावर दाखवायचं. विश्वंभर म्हणाला, "शब्द दिला! पाच म्हणजे पाच!"

शब्द देताना काय, जिभेला हाड नसतं! घरी येऊन बघतो, तर काम संपणार दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. कारण अशी फिल्म म्हणजे हजारो चित्रं, आणि कॉम्प्युटर एकेक रंगवत बसतो. मग यानं काय केलं? ओव्हरक्लॉकिंग! ती बघा, पोरं हसायला लागली, त्यांना माहितीय. बाकीच्यांना सांगतो. कॉम्प्युटरच्या पोटात प्रोसेसर असतो, सगळं काम तो ओढतो. बनवणाऱ्यानं सांगितलेलं असतं, बाबा रे, ह्याला एवढ्याच वेगानं पळव. आपण म्हणायचं, हॅट्! अजून पळेल! वेग एक पायरी वाढवायचा. अडखळला, की थोडं व्होल्टेज वाढवून द्यायचं. पळाला? आणखी एक पायरी! जाणकार माणूस दर पायरीला मशीन तासन् तास पूर्ण भाराखाली तपासतो. विश्वंभर दहा मिनिटं बघायचा. पडलं नाही ना? चला पुढं!

साडेतीन गिगाहर्ट्झचा गडी पावणेपाचवर नेला. आता जास्त वीज पाजली की ते तापणारच. पारा गेला अठ्ठ्याऐंशीवर! शंभराला ते आपणहून बंद पडतं, जीव वाचवायला. मशीनला तेवढी अक्कल असते — आपल्याला नसते. मग विश्वंभरनं कॉम्प्युटरच्या डब्याची एक बाजू उघडी केली, घरातला एकुलता एक टेबलफॅन स्वयंपाकघरातून उचलला, आणि त्या उघड्या पोटापुढं लावला. पारा ब्याऐंशी. गडी खूश!

आणि स्वयंपाकघरात कोण होतं? शैलजावहिनी, त्याची बायको. आता एक गोष्ट तुम्हाला सांगतो, ती विश्वंभरला माहीत नव्हती बरं! वहिनींच्या अंगात तीन दिवस ताप होता. प्रोसेसर एक डिग्री वर गेला की ह्याची धावपळ. आणि दहा पावलांवर ती माउली तव्यासारखी तापलेली, तर ह्याला पत्ता नाही!

दसऱ्याची सकाळ. वहिनी दाराशी आल्या. चौकट धरून म्हणाल्या, "अहो, आज पुऱ्यांचा घाट नको. नुसता वरणभात लावते."

याचे डोळे पडद्यावरच्या आकड्याला चिकटलेले. "दसऱ्याला वरणभात? अगं, अण्णा-काकी यायचेत जेवायला! आणि तुझ्या हातच्या पुऱ्या... तू म्हणजे साक्षात अन्नपूर्णा!"

झालं! अन्नपूर्णा म्हटल्यावर बाईनं पुढं काय बोलायचं? त्या कणीक तिंबायला गेल्या.

आता दसऱ्याला आपण काय करतो? ज्याच्यावर पोट चालतं, त्याची पूजा. सुतार करवतीची करतो, विश्वंभरनं कॉम्प्युटरची मांडली. मशीन चालूच — थांबवायला सवड कुठं होती! पण उघड्या पोटाची पूजा कशी करायची, म्हणून बाजू परत बसवली. निरांजन फडफडायला लागलं, म्हणून फॅन बंद केला. हळदकुंकू वाहिलं. आणि डब्याच्या माथ्यावर हार चढवला — झेंडूचा, दुपदरी, मनगटाएवढा जाड! हात जोडून म्हणाला, "बाबा रे, आज लाज राख!" आणि गेला बाहेर स्कूटर धुवायला.

त्या माथ्यावर काय असतं, माहितीय? जाळी! आतली गरम हवा बाहेर पडायची तेवढीच वाट. तिच्यावर ह्यानं भक्तिभावानं हार घातला.

अर्ध्या तासानं आला, तर पडदा काळा. आवाज बंद. कपाळावर हात मारला! झालेली चित्रं शाबूत होती, पण पुढची शेकडो राहिली होती, आणि घड्याळात साडेअकरा. फॅन बंद दिसला — आपणच केलेला, पण रागात आठवतंय कुणाला? ओरडला, "शैलजा! फॅन कुणी बंद केला? वाट लावलीस माझी!"

वहिनी आल्या, हातात झारा तसाच. डब्याकडं बघितलं, झारा खाली ठेवला आणि हार काढायला हात घातला. त्याच वेळी त्यानंही घातला. झेंडू उकडल्यासारखा मऊ पडला होता. आणि त्या हाराखाली दोघांचे हात एकमेकांना लागले.

विश्वंभरला आधी वाटलं, डबा तापलाय. म्हणून हात मागं घेतला. मग पुन्हा पुढं केला. मनगट धरून बघितलं, कपाळाला हात लावला.

"अगं, तू तापली आहेस!"

"तीन दिवस झाले."

"तीन दिवस? आणि बोलली नाहीस?"

वहिनी म्हणाल्या, "पडले नाही ना अजून, म्हणून चाललंय."

मंडळी, हे त्याचंच वाक्य होतं! दहा-दहा मिनिटांनी मशीनला बघून तो हेच म्हणत आला होता. त्याला तिथंच रडू फुटलं. चांगला पन्नाशीचा बाप्या, हुंदके देऊन रडला. आधी गॅस बंद केला. तिला पलंगावर निजवलं, आणि तो टेबलफॅन उचलून तिच्याकडं फिरवला. अण्णांना फोन केला, जेवायला येऊ नका, गाडी घेऊन या.

दवाखान्यात रक्त तपासलं. डेंग्यू! पेशी इतक्या खाली, की डॉक्टर म्हणाले, "आणखी एक दिवस अंगावर काढला असता, तर मी काही सांगू शकलो नसतो."

आणि फिल्म? गाडी येईपर्यंत त्यानं मशीन सगळं मूळच्या चालीवर आणून सुरू करून दिलं. झालं तेवढं अण्णांनी गावात नेलं, आणि पाच वाजता पडद्यावर खांब आले, कमानी आल्या, घंटा आली. कळस आला नाही. गाव बोललं का? बोललं की! गाव बोलायचं थांबतं का कधी? कळस आठ दिवसांनी आला. वहिनी सहाव्या दिवशी घरी आल्या. आधी कोण यायला हवं होतं, ते तुम्हीच सांगा.

आता तुमच्याकडं वळतो. सुटलो म्हणून खुशीत बसू नका! आपण सगळेच हार घालण्यात हुशार. "आमची आई कध्धी दमत नाही!" घातला हार. "सूनबाई म्हणजे घराचा खांब!" घातला. "बुवांचा घसा म्हणजे देवाची देणगी!" — हो, अध्यक्षसाहेब, तुमचंच वाक्य, आणि सात कीर्तनं लावलीत! एवढं कौतुक झाल्यावर माणसानं दमलोय म्हणायचं कुठल्या तोंडानं? घरी गेलात की कौतुक राहू दे बाजूला, आधी कपाळाला हात लावून बघा.

आणि घरचं घरी, इथलं काय? मागं पत्र्याखाली महाप्रसादाच्या पुऱ्या तळतायत. दुपारपासून पंधरा बायका भट्टीपाशी आहेत. त्यांना माझं कीर्तन ऐकूसुद्धा येत नाही. या मंडपात पंखे किती? मी मोजले, अकरा. तिथं किती? एकही नाही!

उठा दोघं जण. हा माझ्या अंगावरचा मोठा पंखा आधी काढा. नाही, दुसरा नको, हाच. तिकडं नेऊन लावा, आणि विचारून या, कुणाला इथं येऊन बसायचंय का. नामाचा गजर त्या आल्यावर करू, मी थांबतो. वायर लांब आहे, पुरेल तिथपर्यंत.