शिळ्या पाण्याच्या बाटल्या

आमी गुंजवण्याच्या वरच्या वाडीतले. मी शाळेत होते तवा भाताची खाचरं धरणात गेली, घर तेवढं टेपाडावर म्हणून वाचलं, मग समोर पाणी, पाठीला डोंगर अन् मधी आमी. आबा दुसऱ्याच्या लावणीला जायचे, आई गवताचे भारे वाहायची, अन् पावसात एसटी बंद झाली की चार-चार दिवस नुसत्या नाचणीच्या आंबिलीवर काढायचे.

काय सांगू ताई तुम्हाला, त्याच पाण्यावर मी पुढं पीएचडी करीन असं कुणी म्हटलं असतं तर आमीच हसलो असतो. घरात दहावीच्या पुढं कुणी गेलं न्हवतं. एमएस्सीला मॅडमनी मायक्रोस्कोपखाली थेंब दाखवला, आमच्याच धरणाचा, आत काचेसारखे जीव, कुणाला मिशा, कुणाच्या तोंडाशी चाकं फिरत्यात. म्या म्हटलं, आमच्या खाचरावर आता हे राहत्यात व्हय. प्लवक म्हणत्यात त्यांना. माशांची पिल्लं त्यांच्यावर जगत्यात, अन् पाणी बिघडायला लागलं की आधी ह्यांच्यात बदल दिसतो.

कामाची रीत अशी, की वर्षभर दर महिन्याला त्याच तीन जागी बारीक जाळी ओढायची, जे घावंल ते बाटलीत घ्यायचं, वर आयोडीनचे थेंब टाकायचे म्हंजे जीव टिकत्यात. टायरच्या ट्यूबवर फळी बांधून मी पाण्यात जायची. काठावरनं चुलते ओरडायचे, काय गं, मासा घावला का मच्छर? मी म्हणायची, काका, कामाच्या वेळी तुमी दिसत न्हाई तसं हे बी दिसत न्हाईत, पण हे काम करत्यात.

आबांनी मला एकच वरीस दिलं होतं. दिवाळी झाली की सारोळ्याच्या स्थळाला होकार, मी शब्द दिलाय, म्हणाले. म्या व्हय म्हटलं. वर्षात पाणी गोळा होणार होतं, त्यातले जीव मोजायचं पुढं बघू.

त्या पावसाळ्यात रस्ता खचला. जून, जुलै, ऑगस्टच्या बाटल्या पुण्याला कॉलेजात नेता येईनात, घरात फळीवर ठेवल्या. सप्टेंबरात वाट सुरू झाली तशी मी आधी मायक्रोस्कोपची वेळ ठरवायला पुण्याला गेले. दोन दिवसांनी आले तर फळीवर बाटल्या नुसत्या चकाकत होत्या.

आई म्हणाली, अगं किती दिवसांचं शिळं पाणी, चहावानी लाल झालतं. ओतून दिलं. राखेनं घासल्या, ताजं भरलं. अन् धरणातलंच भरलंय हां, तुला धरणाचंच लागतं ना. तुळशीला न्हाई घातलं, वास मारत होतं.

आमच्यात रोज सकाळी हंडा उपडा करून ताजं पाणी भरत्यात, शिळं घरात ठेवत न्हाईत. तिनं माया केली होती. बाटल्यांवरच्या महिन्यांच्या चिठ्ठ्या तर इतक्या जपल्या होत्या, की एक अक्षर पुसलं न्हाई. वर जून, जुलै, ऑगस्ट अन् आत सगळं सप्टेंबर.

ताई, खरं सांगते, दोन दिवस मी त्या बाटल्यांकडं बघत बसले. आयोडीन टाकून तशाच नेल्या असत्या तर कुणाला कळलं असतं? वरीस पुरं झालं असतं, आबांचा शब्द राहिला असता. खरं सांगावं तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबायचं अन् आबांची मान खाली. कुठंही पाय टाकला तरी पाणीच.

म्या मॅडमना फोन लावला अन् सांगितलं. मॅडम म्हणाल्या, ते तीन महिने पुढच्या पावसाळ्यात परत घ्यायचे. आबा म्हणाले, दिलेला शब्द मोडायला मी जाणार न्हाई. शेवटी आईच पदर खोचून सारोळ्याला गेली अन् त्या लोकांना म्हणाली, चूक माझी हाय, पोरीचं काम मीच ओतून दिलं, एक वरीस थांबा. ते थांबले न्हाईत.

पुढच्या पावसाळ्यात काठावर माझ्या ट्यूबचा दोर धरून आईच उभी असायची, डोक्यावर इरलं घेऊन. चुलत्यांनी तोंड उघडलं की तीच म्हणायची, भावजी, गप ऱ्हावा, जीव पळत्यात.

आता मी कॉलेजात तासिकेवर शिकवते, नोकरी कायम न्हाई, राहायला हितंच, समोर तेच पाणी. आईनं फळीवर नवा कागद घातलाय, तिथं बाटल्यांशिवाय काही ठेवू देत न्हाई. बाराही महिन्यांचं खरं पाणी मोजून झालं, प्रबंध मंजूर झाला, अन् मी पीएचडी झाले.