इनास सरांचं एक मिनिट

जेनी, आणि ऊद मेथाच्या या हॉलमध्ये जमलेले आपण सगळे,

शारजाहून निघालेल्यांचा आज दीड-दोन तास रस्त्यात गेला असणार. तरीही खुर्च्या कमी पडल्यात. मागे उभे असलेल्यांनी कृपा करून पुढे या, इथे सतरंजीवर जागा आहे. इनास सरांनी कुणाला उभं राहू दिलं नसतं. वीस वर्षं हॉटेलात काढलेला माणूस. पाहुणा उभा दिसला की ते अस्वस्थ व्हायचे.

मला कितपत बोलता येईल, माहीत नाही. कॉलेजात मी बोलायलाच शिकवते. इंग्लिश कम्युनिकेशन. पण गेल्या रविवारी सर गेल्याचं सांगायला वसईहून त्यांच्या मुलीचा, जेनीचा फोन आला आणि तेव्हापासून माझं एक वाक्य धड पूर्ण झालेलं नाही. जेनी काल परत आली. तिने आईचा, सिल्वियाबाईंचा निरोप आणलाय. त्या म्हणाल्या, "मेधाला सांग, रडारड नको. त्यांची मीटिंगची गोष्ट सांग."

तर मी मीटिंगची गोष्ट सांगणार आहे. आणि मराठीत सांगणार आहे. सूसन, हनीफभाई, माफ करा. तुम्ही दोघं त्या गोष्टीत आहात, त्यामुळे तुम्हाला कळेलच.

नव्या लोकांसाठी आधी थोडं. आमचं कॉलेज छोटं. संध्याकाळचं. दिवसा नोकरी करणारी माणसं सात वाजता येतात, वेटर, रिसेप्शनिस्ट, दुकानातल्या मुली, आणि दोन वर्षांत डिप्लोमा घेऊन जातात. सर तिथे हॉटेल मॅनेजमेंट शिकवायचे. ग्लास ट्यूबलाइटसमोर धरायचे आणि म्हणायचे, "ह्यात मला कुणाचं तरी बोट दिसतंय. कुणाचं आहे?" वर्ग हसायचा. ग्लास मात्र पुन्हा पुसला जायचा.

कॉलेजात शिक्षकांचं एक फॅकल्टी कौन्सिल होतं. अकरा जणांचं. परवान्याच्या फाईलमध्ये लागतं म्हणून केलेलं. दर महिन्याला मीटिंग, कडक चहा, समोसे. डायरेक्टर यायचे, ठरलेला निर्णय वाचायचे आणि एका श्वासात म्हणायचे, "एनी ऑब्जेक्शन? नो. खलास." आम्ही समोसे खायचो.

मित्रहो, त्या "एनी ऑब्जेक्शन" आणि "नो"च्या मध्ये जागाच नव्हती. माणसाला हात वर करायला किती वेळ लागतो? आधी मनाशी म्हणावं लागतं, करू का. मग व्हिसा आठवतो. मग मुलांची शाळा आठवते. मग परत, करू का. एवढ्यात खलास.

कौन्सिलचे नियम टाइप करायचं काम सरांकडे आलं, तेव्हा त्यांनी दोन वाक्यं घातली. पहिलं असं, की अध्यक्ष दर महिन्याला नावांच्या क्रमाने बदलेल. कारण इथे पुढारी कोण ते कळलं की त्याचं परतीचं तिकीट निघतं. दुसरं असं, की कुठलाही निर्णय पक्का करण्याआधी अध्यक्ष एक मिनिट थांबेल. डायरेक्टर वाचून हसले. "एक मिनट? अरे हबीबी, दस मिनट रखो!" आणि सही केली.

त्यानंतर दोनेक वर्षं आम्ही दर मीटिंगला ते मिनिट पाळलं, डायरेक्टर खलास म्हणून निघून गेल्यावर. आणि त्या मिनिटात समोसे खाल्ले.

मग आलं दोन हजार आठ. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी ते दिवस पाहिलेत. क्रेन जागच्या जागी थांबल्या. विमानतळाच्या पार्किंगमध्ये लोक सोडून गेलेल्या गाड्यांवर धूळ साचली. माझा नवरा संजय सिव्हिल इंजिनियर. त्याचं प्रोजेक्ट डिसेंबरात बंद झालं. आम्ही डिस्कव्हरी गार्डन्समधलं घर सोडून कमी भाड्यासाठी शारजाला आलो. घर माझ्या नोकरीवर उभं होतं. माझ्या मुलाच्या वर्गात रोज एक बाक रिकामं व्हायचं. एकदा डबा भरताना त्याने विचारलं, "आई, आर वी ऑल्सो गोइंग बॅक?" मी म्हटलं, "भाजी संपव."

आणि फेब्रुवारीच्या मीटिंगची विषयपत्रिका आली. हॉटेल मॅनेजमेंटचं दुसरं वर्ष महिनाअखेर बंद. एकोणीस मुलं अर्ध्यावर. डिप्लोमाऐवजी हजेरीचा एक कागद मिळणार. त्या कागदावर कुणी पाण्याचा जगसुद्धा उचलू दिला नसता.

फेब्रुवारीचा अध्यक्ष कोण? क्रमाने, मी.

हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. मी सरांकडे गेले आणि म्हटलं, "सर, माझा नंबर पुढे ढकला ना. माझा घसा बसलाय."

सर म्हणाले, "ढकल की. नियमात बसतं. फक्त कारण लिहावं लागतं." आणि रजिस्टर पुढे सरकवलं.

मी लिहिलं, वैयक्तिक.

"वैयक्तिक म्हणजे काय, बाय?"

मी पेन धरून बसले. घसा बसलाय हे मला लिहिता येईना. भीती वाटते, हे तर त्याहून लिहिता येईना. सरांनी ड्रॉवरमधून वसईच्या सुकेळ्यांची, सुकवलेल्या केळ्यांची पुडी काढली आणि एक सुकेळं माझ्या हातावर ठेवलं.

"मलाही वाटते भीती," ते म्हणाले. "वर्ग माझाच बंद होतोय. पण अध्यक्षाचं काम काय? घड्याळ बघणं. तू घड्याळ बघ. बाकी काही करू नकोस."

मी म्हटलं, "स्टाफरूमचं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे."

"असू दे. मिनिट साठ सेकंदांचंच आहे ना?"

मीटिंग झाली. डायरेक्टरांनी निर्णय वाचला. ते काही वाईट माणूस नव्हते, हेही सांगायला हवं. त्यांची झोप उडालेली दिसत होती. त्यांनी फाईल मिटली. "एनी ऑब्जेक्शन? नो. ख..."

मी म्हटलं, "सर, एक मिनिट."

आणि घड्याळ बघू लागले.

दहा सेकंद. एसीचा आवाज. वीस सेकंद. त्या दिवशी समोशाला कुणी हात लावला नव्हता. मी सरांकडे पाहिलं. आता ते हात वर करतील. सर मान खाली घालून स्वतःच्या मनगटाकडे बघत बसले होते. तीस. मला त्यांचा राग आला, खरं सांगते. मला या खुर्चीत बसवलंत आणि स्वतः गप्प? चाळीस सेकंद. डायरेक्टरांचा फोन टेबलावर थरथरला, त्यांनी तो उचलला नाही. पंचेचाळीस.

आणि सूसनचा हात वर आला.

आमच्या लायब्ररीची सूसन. कौन्सिलच्या मीटिंगमध्ये तोवर तिने कधी तोंड उघडलं नव्हतं. ती म्हणाली, "सर, माझं टेबल दाराशी आहे. ही मुलं आत येताना मला गुड ईव्हनिंग म्हणतात. उद्या त्यांना मी काय सांगू?"

मग हनीफभाईंचा हात. मग लताचा. मग एकेक करत सगळे. माझाही वर होता, मला कळलंच नाही कधी गेला. सर्वांत शेवटी सरांचा.

डायरेक्टर हातांकडे बघत राहिले. म्हणाले, "तुम लोगों ने पहले कभी क्यों नहीं बोला?"

हनीफभाई म्हणाले, "सर, पहले आप रुके ही नहीं."

हसताय तुम्ही. तेव्हा पहिले हसले ते डायरेक्टर. मग म्हणाले, "पढ़ाएगा कौन? नया टीचर नहीं मिलेगा." अकरा जण एकदम म्हणाले, "हम."

तर असं ते वर्ष चालू राहिलं. त्या कोर्सच्या इतर विषयांचे शिक्षक नोकरी सोडून गेले होते, म्हणून दर शुक्रवारी सकाळी, सुट्टीच्या दिवशी, आम्ही त्यांचे तास घेतले. सूसनने टेबल मांडायला शिकवलं, पुस्तकात बघून, आणि काटे उलट्या बाजूला ठेवले. मुलांनीच दुरुस्त केले. मी मेन्यूतले फ्रेंच शब्द शिकवले, जे मला येत नव्हते. आणि सरांनी एक दिवस माझ्या घरी फोन करून संजयला विचारलं, "साहेब, किचनचं ड्रेनेज आणि फायर एक्झिट आमच्या पोरांना कोण शिकवणार?" त्या शुक्रवारी संजयने कितीतरी दिवसांनी दाढी केली. मी स्वयंपाकघरात उभी राहून त्याच्या शिट्टीचा आवाज ऐकत होते. सर, तुम्ही कोर्स वाचवलात हे सगळ्यांना माहीत आहे. त्या सकाळी माझ्या घरात काय वाचवलंत, हे फक्त मला माहीत आहे.

नंतर मी त्यांना विचारलं, "सर, तुमचा हात शेवटी का?"

म्हणाले, "माझा पहिला गेला असता तर तो माझ्या नोकरीचा हात झाला असता. सूसनचा गेला, तो मुलांचा झाला."

"आणि कुणाचाच गेला नसता तर?"

"मग साठाव्या सेकंदाला माझा गेला असता, बाय. मीही घड्याळच बघत होतो."

एकोणीसपैकी चौघांना त्यांच्या कंपन्यांनी घरी पाठवलं. त्यातला प्रकाश परीक्षेसाठी व्हिजिट व्हिसावर परत आला. सोळा बसले. सोळा पास झाले. सोळाच्या सोळा! प्रॅक्टिकलच्या जेवणाला डायरेक्टर पाहुणे होते आणि त्यांना वाढायला रेश्मा होती. तिचा हात जराही हलला नाही. सरांनी तिचा ग्लास ट्यूबलाइटसमोर धरला, फिरवून फिरवून पाहिला आणि खाली ठेवला. म्हणाले, "बोट सापडत नाही." रेश्मा आज एका मोठ्या हॉटेलात बँक्वेट मॅनेजर आहे. ती मागे दाराशी उभी आहे. मघाशी मी सगळ्यांना पुढे बोलावलं, तरी आली नाही, कारण तुमच्या चहाकडे तिचं लक्ष आहे.

दोन वर्षांनी तो वर्ग पुन्हा पूर्ण भरला. सर रिटायर होऊन वसईला गेले तेव्हाही भरलेला होता. आज आहे. यंदा नव्या मॅनेजमेंटने कौन्सिलचे नियम नव्याने छापले. चौदा पानांची चार पानं झाली. पुष्कळ गळलं. ते एक वाक्य गळलं नाही, कारण ते गाळायचा प्रस्ताव आला तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "एक मिनिट," आणि चाळीस सेकंदांच्या आत सगळे हात वर होते. मी त्याच दिवशी वसईला फोन लावला. सरांचा आवाज तेव्हा बारीक झाला होता. म्हणाले, "चाळीस? मग वीस वाचले की. समोसे खाल्लेत का?"

आता नेहमीप्रमाणे आपण श्रद्धांजलीसाठी उभे राहू. माझी एकच विनंती आहे. माना खाली घालू नका. या माणसाने आम्हाला मिनिटभर वर बघायला शिकवलं. एकमेकांकडे बघा. आणि या मिनिटात कधीही, दहाव्या सेकंदाला, पन्नासाव्या सेकंदाला, ज्यांना वाटेल त्यांनी हात वर करा. सरांसाठी. कारण लिहायची गरज नाही.

सूसन, हनीफभाई, स्टँड अप, प्लीज. रेश्मा, चहा राहू दे, ये.

सर, घड्याळ मी बघते आहे.

एक मिनिट.