मंचावरचा फोटो

विद्यापीठाच्या फाटकासमोर, बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघं बहीणभाऊ उभे होते.

“बाबांच्या नावाची व्याख्यानमाला, आपल्याला बोलावलं यंदा पहिल्यांदा, आणि मंचावर फोटो दुसऱ्याचाच.”

“ताई, हळू बोल.”

“का हळू? दुसऱ्या कुणाचा असता तर गिळलं असतं. ज्यानं बाबांची प्रयोगशाळा बंद पाडली, त्याचा?”

“ग्रुप फोटोतून कापताना चुकले असतील.”

“आणि तू त्याच फोटोशेजारी उभा राहून घरच्यांच्या वतीनं आभार मानलेस.”

“नंतर कुलसचिवांना सांगितलं ना मी.”

“काय म्हणाले?”

“दरवर्षी हाच लावतो. लोकांना आता हाच चेहरा ओळखीचा झालाय, बदलला तर गोंधळ होईल.”

“मग तू काय म्हणालास?”

“बरं म्हणालो. ताई, बस आली.”

“तू जा घरी. मी फोटो उतरवून येते.”